तिसरी सही

राजाभाऊ दशपुत्रे नाशिकच्या बांधकाम खात्यातली नोकरी सोडून १९७५ साली दोह्याला आले, ते दोन वर्षांत परत जायचं असं घरी सांगून. घरी म्हणजे बायको सुचित्रा आणि वर्षाची मुलगी वृंदा. दोन वर्षं संपली तेव्हा ते महिनाभर रजेवर जाऊन आले, आणि आणखी एका वर्षाचा करार केला. नाशिकला इंदिरानगरात प्लॉट घेतला होता, त्यावर घर बांधायचं होतं. हे एक वर्ष त्यांना फार लांब पडलं.

मी गिरीश, पुण्याचा. सत्त्याहत्तरच्या नोव्हेंबरात एका सल्लागार कंपनीत स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून दोह्यात आलो. माझी बायको नयना आणि दोन लहान मुलं बरोबर होती. अल सद्दमध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. आजूबाजूला तेव्हा निम्मे प्लॉट मोकळे होते आणि वारा सुटला की खिडकीच्या फटीतून वाळू थेट गादीवर येऊन बसायची. पहिल्याच आठवड्यात भाजीबाजारात नयनाने कोथिंबिरीची जुडी उचलून मला विचारलं, "ही शिळी वाटते ना रे?" तर मागून आवाज आला, "शिळीच आहे. गुरुवारी येऊ नका, बुधवारी या. बुधवारी ट्रक येतो."

ते राजाभाऊ. उंच, अंगाने सडसडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. तेव्हा ते एका स्थानिक कंत्राटदार कंपनीत साइट इंजिनियर होते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला कंपनीच्या खोलीत राहत होते. त्या शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला आले. पिठलं-भात केला होता. ते दोनदा भात घेऊन गप्प बसून जेवले आणि निघताना नयनाला म्हणाले, "वहिनी, पिठल्याला आमच्याकडे लसूण जास्त असतो. पण हेही चांगलं होतं."

पुढच्या एप्रिलमध्ये ती गॅलरी पडली.

त्यांच्या कंपनीची एक तीन मजली इमारत चालू होती. सगळ्यात वरच्या मजल्याला बाहेर काढलेली गॅलरी होती, म्हणजे खाली खांब नाही, नुसता स्लॅब पुढे आलेला. असा स्लॅब ओतल्यावर खालचे टेकू निदान चौदा दिवस काढायचे नसतात. राजाभाऊंनी तसं सेंट्रिंगच्या सुताराला, पोपटरावला, बजावलं होतं. पोपटराव संगमनेरकडचा, कामाला चोख माणूस. सहाव्या दिवशी राजाभाऊ दुसऱ्या साइटवर असताना कंपनीचा मॅनेजर आला आणि त्याने टेकू काढून ट्रकमध्ये भरायला सांगितलं, कारण दुसरीकडे टेकू कमी पडत होते. पोपटरावने हिंदीत, खुणांनी, जमेल तसं सांगून पाहिलं. मॅनेजर म्हणाला, "यल्ला, यल्ला." म्हणजे चला, आटपा. टेकू गेले. दुपारी, माणसं जेवायला सावलीत गेली असताना, गॅलरी खाली आली. खालच्या दोन गॅलऱ्याही घेऊन आली. कोणी मेलं नाही, पण पुढची भिंत तडकली आणि मालकाला ती सगळी बाजू पाडावी लागली.

आठवड्याभरात पोपटरावला विमानात बसवून परत पाठवलं. मॅनेजर सुट्टीवर गेला तो आलाच नाही. राहिले राजाभाऊ. इमारतीच्या मालकाने कोर्टात कंपनीकडून मिळालेला एक कागद दाखल केला. अरबी कागद, खाली राजाभाऊंची सही. त्यात लिहिलं होतं की या इमारतीवरचं प्रत्येक काम माझ्या लेखी परवानगीने होईल आणि झाल्या-गेल्याची जबाबदारी माझी राहील.

"तुम्ही वाचलं नव्हतं?" मी विचारलं.

"वाचता कुठे येत होतं?" ते म्हणाले. "मॅनेजर म्हणाला, सळई उतरवून घेतल्याची पोच आहे. तशा पाच-पाच पोचा मी रोज द्यायचो."

तिथे प्रत्येक परदेशी माणसाचा एक कफील असे, म्हणजे ज्याच्या नावावर तुम्ही देशात राहता तो मालक. त्याच्या परवानगीशिवाय दुसरी नोकरी नाही आणि देशाबाहेर जाणंही नाही. त्यात आता कोर्टाची बंदी आली. निकाल लागेपर्यंत दशपुत्रे यांनी देश सोडायचा नाही. पासपोर्ट कोर्टात जमा. कंपनीने खोली काढून घेतली. राहण्याचा परवाना, इकामा, पुढे नवा केला नाही. तुरुंगात टाकलं असतं तर निदान शिक्षा किती ते कळलं असतं, असं ते एकदाच म्हणाले, पुन्हा म्हणाले नाहीत.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक खोली होती, पंपाचं सामान ठेवायची. घरमालक वयस्कर आणि भला होता. त्याने ती दिली. बदल्यात पाण्याचा पंप आणि टाक्या सांभाळायच्या. राजाभाऊंनी आतून चुना मारला, कुठूनतरी जुना एसी आणून खिडकीत बसवला. एसी चालू केला की बोलणं ऐकू यायचं नाही आणि बंद केला की बसवायचं नाही. आमच्यापैकी कोणी ना कोणी त्यांना आपल्या कंपनीचे नकाशे आणून द्यायचं. ते काँक्रीट किती, सळई किती याचे तक्ते करून द्यायचे. उघडपणे नोकरी करता येत नव्हती, म्हणून काम असं जिन्यावरून वर जायचं आणि जिन्यावरून खाली यायचं.

पहिलं वर्ष त्यांनी दर तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात जाण्यात घालवलं. वकील सुदानी गृहस्थ होते. ते दर वेळी "इन्शाल्ला पुढच्या वेळी" म्हणायचे. मालकाच्या बाजूचं कोणी आलं नाही की तारीख पुढे. न्यायाधीश बदलले, तारीख पुढे. उन्हाळा आला, कोर्ट बंद. त्याच वर्षी त्यांनी ठरवलं की आपल्यावर काय लिहिलंय ते आपल्याला वाचता आलं पाहिजे. लहान मुलांची अरबी पुस्तकं आणली आणि चाळिशीला आलेला हा माणूस गच्चीवर उजवीकडून डावीकडे अक्षरं गिरवायला लागला.

त्यांना शिकवायला इकबाल यायचा. इकबाल कराचीचा, पण त्याचे आईवडील रत्नागिरीकडचे, फाळणीनंतर गेलेले. सिव्हिल इंजिनियर होता, एका प्रयोगशाळेत काँक्रीट तपासायचं काम करायचा. घरी आईशी तो तिच्या बोलीत बोलायचा, त्यामुळे त्याला मराठी समजायची आणि मोडकीतोडकी बोलताही यायची. लहानपणी मदरशात शिकल्यामुळे अक्षरं पक्की होती. कायद्याची भाषा मात्र त्यालाही नवीन. दोघं मिळून एकेक शब्द कोशात शोधायचे. सहा महिन्यांनी राजाभाऊंनी आपला तो कागद स्वतः वाचला. इकबाल सांगतो, वाचून झाल्यावर त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "व्याकरण अगदी सोपं होतं."

यातूनच पुढचं सगळं झालं. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात इकबालने आपल्या ओळखीच्या एकाला वर आणलं. त्याच्यापुढे नव्या नोकरीचा करार होता, एक प्रत इंग्रजीत आणि एक अरबीत. राजाभाऊंनी दोन्ही वाचल्या आणि सांगितलं, "इंग्रजीत तीन महिन्यांची नोटीस आहे, अरबीत नाही. कोर्टात अरबीच धरतात." ही गोष्ट आठ दिवसांत पसरली. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी आठपासून माणसं कागद घेऊन गच्चीवर यायला लागली. इंजिनियर, सर्व्हेयर, केरळचे एक डॉक्टर, कोलंबोचे दोन नकाशेवाले, लाहोरचा एक आर्किटेक्ट. कागद वाचून झाला तरी उठायचे नाहीत. चहा व्हायचा. कोणाच्या कंपनीत जागा आहे, कोणता ठेकेदार वाईट, खाऱ्या जमिनीत पाया कसा वाचवायचा, पोराला कुठल्या शाळेत घालायचं. साडेदहाला मुसलमान मंडळी नमाजाला जायची आणि बाकीचे कप धुवायचे.

या बैठकीला नाव नव्हतं. परवानगीशिवाय संघटना काढता येत नव्हती आणि परवानगी मागायला जाणार कोण? "शुक्रवारी येतोस ना?" एवढंच विचारायचे. पण हळूहळू तिने काम करायला सुरुवात केली. नवा माणूस आला की विमानतळावर कोणीतरी जायचं. कोणी आजारी पडलं की डॉक्टर घरी यायचे. दर महिन्याला एकाने आपल्या कामातला एखादा प्रश्न खडूने भिंतीवर मांडायचा आणि बाकीच्यांनी तो सोडवायचा. मुलांना गणित शिकवायची जबाबदारी नयना आणि कोलंबोच्या एका बाईंनी घेतली. आमची मुलं मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, पण राजाभाऊकाकांना मात्र मराठीत. ते इंग्रजी ऐकूच येत नाही असा चेहरा करून बसायचे.

रहमान ढाक्याचा. इमारतींच्या डिझाइनमध्ये आम्हा सगळ्यांपेक्षा हुशार. पहिल्यांदा आला तेव्हा इकबाल कराचीचा आहे हे कळल्यावर दाराजवळच बसला. त्याचा थोरला भाऊ एकाहत्तरच्या युद्धात गेला होता. कित्येक शुक्रवार तो इकबालशी बोलला नाही. काही विचारायचं असलं तर राजाभाऊंना विचारायचा, राजाभाऊ इकबालला विचारायचे आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेने यायचं, तिघं एका चटईवर बसलेले असताना. कोणी हसलं नाही. एक दिवस भिंतीवरच्या हिशेबात इकबालची चूक झाली आणि रहमानने उठून, न बोलता, खडू त्याच्या हातातून घेऊन आकडा दुरुस्त केला. इकबाल म्हणाला, "शुक्रिया." त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं, पण कामापुरतंच.

सगळे तिथे तात्पुरते होतो. कोणाचा करार दोन वर्षांचा, कोणाचा तीन. माणसं यायची, स्थिरावायची, बदलून जायची. कायमचा पत्ता एकट्या राजाभाऊंचा, कारण त्यांना जाताच येत नव्हतं. जुलै उजाडला की आम्ही बायकामुलांना घेऊन रजेवर निघायचो आणि घराच्या किल्ल्या त्यांच्याकडे द्यायचो. एका वर्षी त्यांच्याकडे अकरा घरांच्या किल्ल्या होत्या. रोज दोन-तीन घरं ते उघडायचे. नळ सोडायचे, म्हणजे पाइपात पाणी सडू नये. थोडा वेळ एसी लावायचे, म्हणजे भिंतींना बुरशी धरू नये. तुळस कोणाकडे असली तर पाणी घालायचे. नयनाने एकदा विचारलं, "भावजी, कंटाळा नाही येत?"

"घरं बरी असतात," ते म्हणाले. "प्रत्येक घराला वेगळा वास असतो. रहमानच्या घराला मोहरीच्या तेलाचा."

एक्याऐंशीच्या जानेवारीत आम्ही आठ-दहा कुटुंबं समैस्माला समुद्रावर गेलो. मासेमारांचं गाव, उथळ निळं पाणी. इकामा नसल्यामुळे राजाभाऊ शहराबाहेर पडत नसत. त्या दिवशी मुलांनी हट्ट केला म्हणून आले. जेवण झाल्यावर पाण्यात उतरले. गोदावरीत पोहायला शिकलेला माणूस, लांब लांब हात मारत निघाला. आधी मुलं टाळ्या वाजवत होती. मग डोकं बारीक दिसायला लागलं, मग दिसेना. बायका उठून उभ्या राहिल्या. इकबाल कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि हाका मारायला लागला. पाऊण तास झाला असेल. ते परत आले तेव्हा ओठ निळे पडले होते. मी रागाने विचारलं, "कुठे निघाला होतात?"

"कुठे नाही रे. किती लांब जाता येतं ते बघत होतो."

घरी कोणी तो विषय काढला नाही. पण त्यानंतर मला ते गच्चीवर चालताना दिसले की मी पावलं मोजायचो. बावीस पावलं एका बाजूला, चौदा दुसऱ्या.

ब्याऐंशीच्या ऑक्टोबरात, चार वर्षांनी, केस हलली. नवे न्यायाधीश आले होते. त्यांनी विचारलं की गॅलरी काँक्रीट खराब होतं म्हणून पडली की टेकू लवकर काढले म्हणून? काँक्रीट ओतताना त्याचे ठोकळे भरून ठेवतात आणि नंतर दाबून तपासतात. त्या तपासणीचा अहवाल होता, आकडे उत्तम होते. सुदानी वकील म्हणाले, हा अहवाल आणि नकाशे पाहून इथे काम करणाऱ्या तीन इंजिनियरांनी लेखी मत द्यावं. तीन सह्या मिळाल्या तर बंदी उठेल.

राजाभाऊ स्वतः काही बोलले नाहीत. पुढच्या शुक्रवारी इकबालने सांगितलं. खोलीत आणि बाहेर गच्चीवर मिळून चाळीसएक माणसं होती. त्यांतले निदान पंधरा जण सिव्हिलचे, सही करू शकणारे. सगळ्यांना माहीत होतं की काँक्रीटचा दोष नव्हता. भिंतीवर खडूने आम्हीच कधीतरी ते सोडवलं होतं.

खाली रस्त्यावर कोणाचातरी हॉर्न वाजत होता. मग एकाने विचारलं की इमारतीचा मालक कोणाचा नातेवाईक आहे. दुसरा म्हणाला, माझा करार मार्चमध्ये संपतोय. तिसऱ्याने सांगितलं, कंपनीला न विचारता असं मत दिलेलं चालत नाही. हे खोटं नव्हतं. प्रत्येकाचा कफील होता, प्रत्येकाचा पासपोर्ट कुठल्यातरी कपाटात होता. मी म्हणालो, "आधी ऑफिसात विचारून बघतो."

मी विचारलं नाही. आमच्या कंपनीचं एक मोठं काम त्या मालकाच्या चुलत भावाकडून येत होतं. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते, अशी मी समजूत करून घेतली.

पुढच्या शुक्रवारी नऊ माणसं आली. राजाभाऊंनी नेहमीसारखा चहा केला, एका मुलाचा करार वाचून दिला. इकबालने खिशातून वकिलाचा कागद काढला आणि सगळ्यांसमोर सही केली. थोड्या वेळाने रहमान उठला. त्याने अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला, एक आकडा कागदावर मांडून पाहिला आणि सही केली. उठताना हिंदीत म्हणाला, "मैंने हिसाब पर दस्तखत किया है." म्हणजे माणसावर नाही, हिशेबावर. मी तिथेच होतो, त्याच्या शेजारी. कागद माझ्यापुढून गेला आणि राजाभाऊंनीच तो उचलून पाकिटात घातला.

जिन्यात ते मला म्हणाले, "तू करू नकोस. तुझी मुलं शाळेत आहेत. दुसरं कोणीतरी मिळेल."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी आणखी घट्ट अडकल्यासारखंही.

दुसरं कोणी मिळालं नाही. त्र्याऐंशीच्या जूनमध्ये इकबालचा करार संपला आणि कंपनीने तो पुढे वाढवला नाही. सहीमुळे की त्या वर्षी सगळीकडेच माणसं कमी करत होते म्हणून, ते आजपर्यंत कळलेलं नाही. पण गच्चीवर येणाऱ्यांनी त्याचा अर्थ एकच लावला. इकबाल जाताना रहमान त्याला पोचवायला विमानतळावर गेला. राजाभाऊंनी त्याला आपला अरबी शब्दकोश दिला. तो म्हणाला, "मला काय करायचाय आता? ठेवा तुम्ही." तरी नेला.

मग सहा-सात महिने बैठकीला पाच-सहा माणसंच असायची. मी राजाभाऊंना टाळायला लागलो, आणि एकाच इमारतीत राहून माणसाला टाळणं सोपं नसतं. मी ऑफिसमधून उशिरा यायचो. लिफ्ट नव्हती. जिन्यात चप्पल वाजली की दार लावून घ्यायचो.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत त्यांचा टेपरेकॉर्डर बिघडला. नाशिकहून दर दोन-तीन महिन्यांनी कॅसेट यायची, कोणी येणाऱ्याच्या हाती. पत्रापेक्षा बरं, आवाज तरी ऐकू येतो. संध्याकाळी ते कॅसेट घेऊन आमच्याकडे आले. आम्ही आत गेलो, पण फ्लॅट तो केवढा. सगळं ऐकू येत होतं. वृंदा तेव्हा दहा वर्षांची. ती कागदावरून वाचत होती हे कळत होतं. "बाबा, तुम्ही कसे आहात? आम्ही इकडे सर्व कुशल आहोत. माझा चित्रकलेच्या परीक्षेत पहिला नंबर आला." दूरच्या पाहुण्याला सांगावं तसं. तेवढ्यात मागे कुकरची शिट्टी झाली आणि सुचित्रावहिनींचा आवाज आला, आतून, कॅसेटसाठी नसलेला, "गॅस बारीक कर गं, मेले, वरण उतू जाईल." आणि वृंदाचं, "करते गं आई, थांब ना."

राजाभाऊंनी बटण दाबून कॅसेट मागे घेतली. शिट्टी. गॅस बारीक कर गं. करते गं आई. पुन्हा मागे घेतली. पाच-सहा वेळा तेवढंच ऐकलं. कॅसेटचं पुढचं काही ऐकलंच नाही. मग बाहेर येऊन नयनाला म्हणाले, "येतो वहिनी," आणि वर गेले.

नयना ओट्याशी उभी होती. तिने वळून न बघता विचारलं, "तू ऑफिसात विचारणार होतास. विचारलंस?"

"नाही."

"मग आता विचारूही नकोस. सही कर."

"इकबालचं काय झालं माहितेय ना तुला?"

"माहितेय. परत जावं लागलं तर जाऊ. आपल्याला जाता येतं, गिरीश."

दुसऱ्या दिवशी दुपारी वकिलांच्या ऑफिसात जाऊन मी सही केली. पाच मिनिटं लागली. पुढचे दोन महिने फोन वाजला की उचलायला मी नयनाला पुढे करायचो. तिसऱ्या महिन्यात आमच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "त्या गॅलरीच्या केसमध्ये तुझी सही आहे म्हणे." मी हो म्हटलं. "बरोबर लिहिलंय," ते म्हणाले आणि दुसऱ्याच कामाची फाइल मागितली. माझं काही झालं नाही. एका माणसाला मी चौदा महिने बसवून ठेवलं होतं, जे कधी झालंच नाही त्याच्या भीतीने.

तरी निकाल यायला आणखी वर्ष गेलं. पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत बंदी उठली. पण जाऊ द्यायचं तर कफील म्हणून त्यांच्या कंपनीच्या मालकाने एक कागद मागितला, की मी कंपनीविरुद्ध काही दावा करणार नाही. राजाभाऊंनी तो दोनदा वाचला आणि सही केली. गेल्या सात वर्षांचं काहीच मागितलं नाही. रहमान चिडला. "तुमचा हक्क आहे," तो म्हणाला. राजाभाऊ म्हणाले, "मग पुन्हा तारीख पडेल."

मार्चमधल्या एका मंगळवारी ते गेले. कामाचा दिवस होता, पोचवायला आम्ही तिघंच, मी, नयना आणि रहमान. इतक्या शुक्रवारी मिळून पाचशे कागद वाचून दिलेल्या माणसाला पोचवायला तिघं. पण त्यांनीच कोणाला सांगितलं नव्हतं. शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला, आत जाऊन आला. तेवढा वेळ राजाभाऊ काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून उभे होते. शिक्का बसला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि आम्हाला त्याचं वाईट वाटलं नाही.

गच्चीवरची खोली पुन्हा पंपाच्या सामानाला गेली. बैठक काही दिवस आमच्या हॉलमध्ये भरली. मग नवे लोक आले, त्यांनी रीतसर परवानगी काढून हिंदुस्थानी इंजिनियरांची वेगळी संस्था केली, पाकिस्तान्यांनी त्यांची वेगळी. वार्षिक जेवणं व्हायला लागली, टाय लावून. संस्थेच्या पहिल्या स्मरणिकेत संस्थापक म्हणून माझं नाव छापलं. मी त्यांना सांगितलं की आधी दशपुत्र्यांचं घाला. ते म्हणाले, त्या काळात त्यांच्याकडे इकामा नव्हता, कागदोपत्री ते देशात नव्हतेच, अडचण होईल. मग मी माझंही काढायला लावलं. एवढं मात्र मला लगेच जमलं.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात मी रजेवर आलो असताना नाशिकला गेलो. इंदिरानगरात प्लॉटवर दोन खोल्या झाल्या होत्या, पुढचं बांधकाम थांबलेलं. सुचित्रावहिनींनी दार उघडलं. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो, पण आवाज ओळखीचा होता.

"बसा. ते येतील इतक्यात. घरी नसतातच फार," त्या म्हणाल्या. "कामावरून येतात, चहा घेतात आणि बाहेर पडतात. रविवारी तर सकाळीच. स्टँडवर जातात, जी गाडी लागली असेल तीत बसतात. सिन्नर, इगतपुरी, कुठेही. संध्याकाळी परत. पहिल्यांदा मी घाबरले. आता डबा करून देते."

"वृंदा?"

"ती अजून अहो-जाहो करते त्यांना. कधीकधी चुकून 'तू' म्हणते आणि जीभ चावते. ते काही म्हणत नाहीत."

राजाभाऊ आले. केस पिकले होते, पेनं तशीच दोन. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. रहमान कसा आहे, इकबालचं पत्र येतं का, इमारतीच्या पंपाचा आवाज अजून तसाच येतो का, सगळं विचारलं. चहा झाल्यावर मी चाचरत म्हणालो, "राजाभाऊ, ती सही मी आधीच करायला हवी होती."

त्यांनी दोघांचे रिकामे कप एकात एक ठेवले. मग म्हणाले, "हो. करायला हवी होतीस."

दुसरं काही त्यांनी म्हटलं नाही, आणि तेवढं म्हटलं म्हणून मी त्यांचा आभारी आहे. माफ केलं असतं तर मला तिथे बसवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यांनी मला बरोबर चल म्हटलं. स्टँडवर पेठची गाडी लागली होती, तीत बसलो. खिडकीजवळची जागा त्यांनी घेतली आणि काच पूर्ण खाली केली. थंडी होती, मागच्या बाई कुरकुरल्या, तरी त्यांनी काच वर केली नाही. पेठच्या अलीकडे एका फाट्यावर, जिथे एक चहाची टपरी आणि चार आंब्याची झाडं होती, तिथे त्यांनी कंडक्टरला घंटी मारायला सांगितली.

"इथे कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही," ते म्हणाले, आणि उतरून चालायला लागले.